साबणाने लाल होणारा डाग

थोरलीला कारखान्यात सगळे हळदीबाई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. एकतीस वर्षं एकाच खोलीत, एकाच टेबलाशी उभं राहून तिच्या नखांच्या कडा अशा पिवळ्या झाल्या होत्या की बसमध्ये शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा विचारी, "कावीळ झाली होती का हो तुम्हाला?"

खोली तपासणीची. एका भिंतीला काचेच्या पेटीत तराजू, दुसऱ्या भिंतीला तपकिरी बाटल्यांची रांग, आणि भर दुपारीही खिडकीवर जाड काळा पडदा. कारण हळदीतून काढलेला तो पिवळा अर्क उजेडात राहिला की फिका पडतो. कागदावर त्याचं नाव कर्क्युमिन. खोलीत मात्र त्याला नुसतं ‘पिवळं’ म्हणत. शंभर भाग हळदीत जेमतेम तीन-चार भाग पिवळं. पण सूज उतरवणं, जखम भरून आणणं, आखडलेले सांधे सैल करणं, असा हळदीचा जो काही गुण म्हणून सांगतात, तो बराचसा त्या तीन-चार भागांचा.

थोरलीने लग्न केलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली म्हणायची, "हिचा संसार पिवळ्याशीच. आणि सवतही नाही, सासूही नाही." खरंच, पिवळ्याचा स्वभाव थोरलीइतका कुणालाच ठाऊक नव्हता. पाण्याशी त्याचं कधी जमलं नाही. ढवळा, उकळा, पालथं घाला, थोड्या वेळाने ते मुकाट्याने तळाशी जाऊन बसणार. स्पिरिटमध्ये मात्र पडल्या पडल्या विरघळणार. कपड्यावर सांडलं आणि साबण किंवा सोडा लागला की डाग लालभडक होणार, आणि त्यावर व्हिनेगरचा थेंब सोडला की पुन्हा निमूटपणे पिवळा. ही शेवटची गंमत ती कारखाना बघायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवी. पाहुण्या बायका आपला लाल झालेला पदर बघून किंचाळत, मग थोरली थेंब सोडी आणि सगळ्या हसत.

धाकटी बहीण तिच्याजवळच राहायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, शिवणकामावर स्वतःचं पोट भरणारी. बारा वर्षांपूर्वी तिच्या हृदयात धातूची झडप बसवली होती. खोलीत शांतता असली की तिच्या छातीतून बारीक टिकटिक ऐकू येई. पहिल्या महिन्यात थोरलीला त्या आवाजाने झोप लागत नव्हती. पुढे तो आवाज नसला तर झोप लागेना.

त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून धाकटीला रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागे. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्त थांबायचं नाही. म्हणून महिन्याला एकदा रक्त तपासायचं आणि ते किती पातळ झालंय याचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये आला की सुटकेचा श्वास टाकायचा. त्या तपासणीच्या दाराबाहेर एक लाकडी बाक होता. तिथे तीच ती माणसं दर महिन्याला भेटत. त्यातले एक, दोन गल्ल्या पलीकडचे म्हातारे पोस्टमन काका, धाकटीचे खास दोस्त. त्यांचीही तीच गोळी. "तू असलीस तर सुई टोचत नाही," असं म्हणून ते तिच्याबरोबरच जात आणि येत.

गोळी सुरू झाली तेव्हा धाकटीने विचारलं होतं, "ताई, डॉक्टर म्हणाले काहीही नवीन घेण्याआधी विचारायचं. हळद चालेल का गं मला?"

"मूठमूठ खा," थोरली म्हणाली होती. "पाण्यात विरघळत नाही ती रक्तात काय विरघळणार? जशी जाते तशी बाहेर येते."

"पाहुण्यांसारखी?"

"पाहुणे निदान चहा तरी पितात."

धाकटीला ते वाक्य फार आवडलं. पुढे बारा वर्षं ती कुणालाही सांगायची, "आमची ताई कितीतरी वर्षं त्यातच आहे. ती म्हणते, हळद जशी जाते तशी येते." डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं. घरात जाणती बहीण असताना रांगेत कोण उभं राहणार?

आणि त्या वेळी ते खरंच होतं. सगळं आक्रीत तिथेच आहे. थोरली खोटं बोलली नव्हती.

निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मोठ्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "बाई, पिवळं पाण्यात विरघळलं पाहिजे. पोटातून रक्तात गेलं पाहिजे. नाहीतर आपण नुसता रंग विकतोय." थोरलीने ते मनावर घेतलं. चौदा महिने ती त्याच एका कामामागे हात धुऊन लागली. आधी स्पिरिटमध्ये विरघळवायचं, मग त्यात पाण्याशी आणि तेलाशी दोन्हीकडे सलगी करणारा एक चिकट पदार्थ घालायचा, मग मंद आचेवर स्पिरिट उडवून द्यायचं. शेवटी चिमूटभर मिरीचा अर्क. शरीरात शिरलेली परकी वस्तू यकृत लगबगीने बाहेर काढतं. मिरी त्याचा हात जरा वेळ धरून ठेवते.

ज्या दिवशी जमलं, त्या दिवशी तिने पेलाभर पाण्यात चमचाभर पिवळं टाकलं. ते धाग्यासारखं खाली उतरलं, पसरलं, आणि पेला सोन्यासारखा स्वच्छ झाला. सगळी खोली भोवती जमली. तासाभराने बघितलं, दुसऱ्या दिवशी बघितलं. तळाशी कणही नाही.

"हळदीबाई, आता तुमची बोटंसुद्धा धुतली जातील!" चष्मेवाली म्हणाली.

थोरलीने नळाखाली हात धरला. त्या दिवशी लागलेलं पिवळं खरोखरच नुसत्या पाण्याने निघून गेलं. साबणाचीही गरज पडली नाही. तिला आनंद झाला.

माल बाजारात जायला अवकाश होता. पाहणीला बाहेरची तज्ज्ञ मंडळी यायची होती, कागद व्हायचे होते. पण थोरलीने आधी स्वतः महिनाभर ते घेतलं. काही त्रास नाही, उलट गुडघा वाकायला लागला. तेव्हा पहिल्या खेपेतल्या दोन बाटल्या तिने घरी आणल्या. कारण धाकटीची बोटं. तिच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं सकाळी वाकायचीच नाहीत. सुई धरताना डोळ्यांत पाणी यायचं. पाहणीच्या दिवसासाठी तपासणी खोलीतल्या सगळ्यांना नवे पांढरे कोट हवे होते, सहा कोट, आणि ते काम थोरलीने मोठ्या हौसेने बहिणीला मिळवून दिलं होतं.

"रोज सकाळी एक चमचा, पाण्यात," थोरली म्हणाली.

"आणि माझी गोळी?"

"गोळी गोळीच्या जागी. ही हळद आहे."

"जशी जाते तशी येते," धाकटी म्हणाली आणि पेला तोंडाला लावला.

आपण चौदा महिने जे केलं, ते हेच वाक्य खोटं पाडण्यासाठी केलं, हे थोरलीच्या ध्यानात आलं नाही. इतकी वर्षं मुरलेली गोष्ट मनातून एकदम निघत नाही.

पंधरा दिवसांत धाकटीची बोटं वाकली. तीन आठवड्यांत तिने सुईत दोरा एका फटक्यात ओवला आणि ओरडली, "ताई, बघ! लग्नाला उभी राहीन आता!" घरात मशीनचा आवाज दिवसभर घुमायला लागला. महिन्याच्या तपासणीचा दिवस आला तेव्हा चार कोट व्हायचे होते. "जाते पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. पुढचा आठवडाही गेला. मागचा आकडा चांगला होता, म्हणून थोरलीनेही धोशा लावला नाही.

एका सकाळी थोरली कामाला निघाली तेव्हा धाकटी तयार कोट घड्या घालून पिशवीत भरत होती. तिच्या कोपराखाली वांगी रंगाचा डाग दिसला, चांगला तळहाताएवढा.

"हे काय?"

"मशीनचं चाक लागलं असेल. मला कुठे कळतंय, मी आपली कोटांत." मग ती गालावर हात ठेवून म्हणाली, "आणि ही दाढ बघ ना. चार दिवस हिरडीतून रक्त येतंय. आज अकराला काढूनच टाकणार आहे. दातांचे डॉक्टर म्हणाले, गोळीच्या तपासणीचा मागचा कागद घेऊन या. तो आहे माझ्याकडे."

"काढून टाक. किडकी दाढ ठेवून काय लोणचं घालायचंय?"

"आणि ताई, रागावू नकोस. या एका कोटाच्या काठाला लाल डाग पडलेत. धुतले, पण राहिले. उशीच्या अभ्र्यालाही तसेच आहेत."

थोरलीने कोट उजेडात धरला. काठाला टिपके, तपकिरी लाल, टाचणीच्या डोक्याएवढे, शिवणीच्या बरोबरीने गेलेले. तिला हसू आलं.

"अगं वेडे, साबणाने धुतलेस ना? हळद आहे ती. सकाळी पितेस, हाताला लागते, कापडाला लागते. साबण लागला की लाल होते. थेंबभर व्हिनेगर टाकलं की गेली. दे, मीच करते तिकडे."

"हो ना? मीही तेच म्हटलं!" धाकटीचा जीव भांड्यात पडला. "पोस्टमन काकांनाही मी तेच सांगितलं."

ते शेवटचं वाक्य थोरलीने ऐकलं, पण बसची वेळ झाली होती.

तपासणी खोलीत चष्मेवालीने कोट अंगाला लावून बघितला. "वा! आता आम्ही अगदी शहाण्या दिसणार. हे काय, आल्या आल्या डाग?"

"थांब, गंमत दाखवते," थोरली म्हणाली. हजार वेळा केलेली गोष्ट. तिने कोटाचा काठ पांढऱ्या बशीवर पसरला, व्हिनेगरची बाटली घेतली आणि एका टिपक्यावर थेंब सोडला.

टिपका होता तसाच राहिला.

"जुनं झालं असेल व्हिनेगर," चष्मेवाली म्हणाली.

थोरलीने कपाटातलं जहाल आम्ल काढलं, पाण्यात सौम्य केलं, पुन्हा थेंब सोडला. टिपका पिवळा झाला नाही. कडेने जरा काळवंडला, एवढंच. तिने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून वर दाबून धरला. पिवळं असतं तर बोळा क्षणात पिवळा झाला असता. बोळा पांढराच राहिला.

तिने बोळा उलटून पाहिला. दुसरी बाजूही पांढरी.

मग तिला ते आठवलं, जे तिने स्वतः नळाखाली हात धरून पाहिलं होतं. तिने तयार केलेलं पिवळं नुसत्या पाण्याने धुतलं जातं. ते कापडावर राहत नाही. साबणाने लाल व्हायला ते तिथे उरायला तर हवं.

भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी होती. त्यात जखमेवर घालायचं फेसाळणारं औषध असतं. तिने झाकण काढलं, एक थेंब टिपक्यावर टाकला. टिपका उकळल्यासारखा पांढऱ्या फेसाने भरून वर आला.

"हे रक्त आहे," चष्मेवाली हळूच म्हणाली. "सुई टोचली असेल गं. शिंपिणीला काय, रोज टोचते."

"रोज टोचते," थोरली म्हणाली. "तीस वर्षं टोचते. कापडावर कधी डाग पडला नाही. ती बोट तोंडात घालते आणि रक्त थांबतं."

काठाला सतरा टिपके होते. तिने मुद्दाम मोजले नव्हते, पण डोळ्यांनी आपोआप मोजले गेले. कोपराखालचा वांगी डाग. हिरडी. उशीचा अभ्रा. पिवळंही रक्त थोडं पातळ करतं, हे तिने कागदावर किती वेळा वाचलं होतं, आणि दर वेळी मनात म्हटलं होतं, रक्तात पोचलं तर ना. आता ते पोचत होतं. आणि मिरीने यकृताचा हात धरून ठेवला होता. तो फक्त पिवळ्यासाठी नाही, गोळीसाठीही. रोज एक गोळी आत जात होती आणि आधीची बाहेर पडलेली नसे.

घड्याळात दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

घरचा फोन वाजत राहिला. दातांच्या डॉक्टरांचा नंबर तिच्याकडे नव्हता. कोट तसाच हातात धरून ती फाटकाबाहेर पळाली. अठ्ठावन्न वर्षांची बाई रस्त्याने पळताना लोक थांबून बघत होते. रिक्षावाला म्हणाला, "आजी, दमानं." तिने त्याला एवढंच सांगितलं, "चालव."

दवाखान्याच्या पायऱ्या, काचेचं दार, बाहेरच्या खोलीत मासिकं चाळणारी दोन माणसं. आतून हत्यारांचा किणकिण आवाज आणि डॉक्टरांचा हसरा स्वर: "मागचा कागद तर झकास आहे. नवीन काही औषध सुरू केलंय का?"

"छे. नुसती हळद," धाकटी म्हणत होती. "ती जशी जाते तशी..."

"हात लावू नका!" थोरली दारातून ओरडली.

डॉक्टरांच्या हातात चिमटा होता. धाकटीने खुर्चीतून मान वळवली. तिच्या दातांच्या फटींत बारीक लाल रेघा होत्या. कुणी हात लावला नव्हता तरी.

मोठ्या इस्पितळात रक्त काढलं, आणि टोचलेल्या जागेवर कापूस दाबून नर्स उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ती तशीच उभी. तपासनिसाने आकडा सांगायला उशीर केला, कारण यंत्र बिघडलं असं वाटून त्याने तपासणी पुन्हा केली होती. नऊच्या वर.

"दाढ काढली असती तर आम्हाला थांबवता आलं नसतं," तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी थोरलीकडे पाहिलं, तिच्या नखांकडे पाहिलं. थोरलीने सगळं सांगितलं. स्पिरिट, चिकट पदार्थ, मिरी. काही लपवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं आणि विचारलं, "हे आणखी कुणाकुणाला दिलंय?"

"कुणालाच नाही. दोनच बाटल्या आणल्या होत्या. एक हिची चालू आहे, दुसरी कपाटात आहे."

धाकटी पलंगावर पडली होती. तिला इंजेक्शन दिलं होतं, चेहरा उशीसारखा पांढरा, पण धोका टळत आला होता. छातीतली टिकटिक नीट चालली होती. ती छताकडे बघत म्हणाली, "ताई, दुसरी कपाटात नाही."

"मग कुठे आहे?" थोरलीने विचारलं.

"पोस्टमन काका त्यांच्या कोटाचं अस्तर शिवून घ्यायला आले होते. तीन आठवडे झाले. त्यांचा खांदा वर होत नव्हता. मी म्हटलं, माझी बोटं बघा. त्यांनी विचारलं हो मला. ते म्हणाले, गोळीबरोबर चालेल का गं? डॉक्टरांना विचारू का?" तिचा आवाज बारीक झाला. "मी म्हटलं, आमची ताई एकतीस वर्षं त्यातच आहे."

"तपासणीला गेले होते का ते?"

"माझ्याशिवाय नाही जात ना. म्हणाले, तुझे कोट झाले की जाऊ दोघं."

दुपारचे अडीच वाजले होते. पोस्टमन काकांच्या घरी फोन नव्हता. थोरली पुन्हा रस्त्यावर आली. कोट अजून तिच्या हातातच होता. तो कुठे ठेवावा हे तिला सुचलं नव्हतं.

दोन गल्ल्या पलीकडचं बैठं घर. अंगणात ऊन भरून राहिलेलं, दोरीवर कपडे वाळत घातलेले. सून पायरीवर बसून भाजी निवडत होती. थोरलीला बघून तिने हसून जागा करून दिली.

"या ना ताई! तुमच्या औषधाने बाबांचा खांदा बघा कसा वर जातो. परवा स्वतः केस विंचरले. काय गुण आहे हो तुमच्या हाताला!"

"कुठे आहेत?"

"झोपलेत. सकाळी डोकं फार दुखतंय म्हणाले, उजेड नको म्हणाले. म्हटलं, पडू दे. जेवायला हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. चांगली गाढ झोप लागलीय."

थोरलीची नजर दोरीवर होती. एक पांढरा पंचा उन्हात वाळत होता. त्याच्या एका टोकाला टिपके होते, तपकिरी लाल, आणि मध्ये एक मोठा डाग, नाकाला दाबून धरला असावा तेवढा.

सुनेने तिची नजर बघितली आणि ती मोकळेपणाने हसली.

"ते होय? मीही घाबरले होते आधी. हळद आहे ती. साबण लागला की लाल होते म्हणे. तुमच्या बहिणीनेच सांगितलं."

थोरलीने हातातला कोट पायरीवर ठेवला आणि आत गेली. बाहेरच्या खोलीत काकांचा नवीन अस्तर लावलेला कोट खुंटीला टांगलेला होता. फळीवर बाटली होती, निम्म्याहून खाली आलेली, आणि शेजारी धुऊन पालथा घातलेला पेला, अगदी स्वच्छ.

"काका," तिने हाक मारली.

आतल्या खोलीचा जाड पडदा ओढलेला होता. त्यामागून काहीच आवाज आला नाही.